नगरपालिकेची नवी इमारत: रंग सगळ्यात शेवटी निवडा

नगरपालिकेची नवी इमारत उभी राहत आली की आतल्या सजावटीची बैठक बसते आणि टेबलावर सगळ्यात आधी उलगडतं ते शेडकार्ड. भिंत क्रीम की पिस्ता यावर दोन तास जातात. फरशीचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत, 'चकचकीत व्हिट्रिफाइड टाका' एवढ्यावर आटोपतो. हा क्रमच उलटा आहे. भिंतीचा रंग चुकला तर लागोपाठ आलेल्या दोन-तीन सुट्ट्यांत बदलून होतो. फरशी चुकली तर ती इमारतीच्या निम्म्या आयुष्यभर तिथेच राहते, आणि रोज कुणी ना कुणी तिच्यावरून घसरतं. म्हणून आधी फरशी, मग छत आणि दिवे, मग दारं-काउंटर, आणि भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी.

फरशीपासूनच सुरू करू. पावसाळ्यात प्रवेशद्वारातून ओल्या चपला, टपकणाऱ्या छत्र्या आणि काठी टेकत येणारे आजोबा एकाच वेळी आत शिरतात. कॅटलॉगमध्ये फरशीच्या नावापुढे 'आर ९' असं छापलेलं असतं आणि विक्रेता ते बक्षीस मिळाल्यासारखं दाखवतो. ही फरशी घसरणं किती रोखते याची श्रेणी. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून ही चाचणी करतात आणि श्रेण्या आर ९ ते आर १३ अशा आहेत. म्हणजे आर ९ ही सगळ्यात खालची पायरी! प्रवेशाच्या दालनात निदान आर १०, रॅम्पवर आर ११ मागा. त्याहून चांगलं म्हणजे लंबक चाचणीचा (झुलत्या लंबकाचं रबर फरशीवर घासून पकड मोजणारी चाचणी) ओल्या फरशीचा आकडा मागणं. तो ३६ किंवा जास्त असेल तर घसरण्याचा धोका कमी. मात्र हौसेने सगळीकडे खरखरीत फरशी घालू नका. खाचांत मळ बसतो, मॉपचे धागे अडकतात आणि सहा महिन्यांत नवी फरशी जुनाट दिसायला लागते.

प्रवेशाच्या पायपुसण्याचं असंच होतं. प्रत्येक पाय त्यावर दोनदा तरी टेकला पाहिजे, म्हणजे चालण्याच्या दिशेने साधारण ३ मीटर लांबी हवी. ते फरशीच्या पातळीत बसायचं तर त्याचा खड्डा नकाशात आधीच दाखवावा लागतो. फरशी बसल्यावर आठवलं तर मॅट वरून टाकावी लागते, तिची कड वळते आणि लोक नेमके तिथेच अडखळतात.

फरशीचा रंग मधल्या छटेचा आणि थोडा दाणेदार घ्या. पांढऱ्याशुभ्र फरशीवर चपलेचे काळे ओरखडे दिसतात, काळ्याभोर फरशीवर धूळ दिसते. फिकट फरशीत शोभेसाठी गडद पट्टे घालण्याची फार हौस असते. अधू नजरेच्या माणसाला तो पट्टा पायरी किंवा खड्डा वाटतो आणि तो थबकतो. खिडकीचा उजेड परावर्तित करणारी चकचकीत फरशी कोरडी असली तरी ओली वाटते, मग माणूस भिंत धरून चालतो.

आता घालण्याची पद्धत. सांध्याशिवाय फरशीला फरशी भिडवली की एकसंध दिसते, म्हणून कारागीर तेच करतात. उन्हाने आणि स्लॅबच्या हालचालीने ताण आला की मधल्या फरश्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. २ ते ३ मिलिमीटरचे स्पेसर (दोन फरश्यांत फट राखणारे छोटे तुकडे) लावा, मोठ्या दालनात दर ७-८ मीटरवर लवचीक सांधा सोडा आणि काचेतून थेट ऊन येतं तिथे त्याहून जवळ. दुसरी खोड म्हणजे फरशीच्या पाठीवर चिकटवायच्या मसाल्याचे पाच गोळे ठेवून ती दाबणं. मध्ये पोकळी राहते, कागदपत्रांची ट्रॉली गेली की कोपरा तडकतो. नुकतीच बसवलेली एखादी फरशी लगेच उचलून पाठ बघा. पाठ जवळजवळ पूर्ण मसाल्याने माखलेली नसेल तर त्या दिवसाचं काम थांबवा. लाकडी दांडक्याने ठोकून आवाज ऐकणं ही तपासणी नंतरची, तेव्हा उशीर झालेला असतो.

भरणा खिडक्यांसमोर रांग एकाच जागी उभी राहते. तिथे वरून चकाकी दिलेली फरशी घासली जाऊन रांगेच्या आकाराचा फिकट पट्टा उमटतो. आतपर्यंत एकच रंग असलेली, पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असलेली फरशी तिथे घ्या. संगमरवराचा मोह असेल तर आधी सफाई कर्मचाऱ्यांना विचारा, कोणतं द्रव वापरता? अॅसिड असेल तर संगमरवर विसरा. तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, अॅसिड त्याला अक्षरशः खातं आणि पहिल्याच वर्षी चकाकी जाऊन चट्टे पडतात. सजावटीच्या बैठकीला सफाईच्या मुकादमाला बोलवत का नाहीत, हे कोडं आहे. इमारत रोज हाताळणारा तोच.

छत, दिवे आणि आवाज एकत्र ठरवायचे असतात. प्रत्येक रंगाला प्रकाश परावर्तनाचा आकडा असतो, काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १००. छत ७० ते ९०, भिंती ५० ते ८०, फरशी २० ते ४० असं राखलं तर लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ५०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) मिळवणं सोपं जातं. भिंती गडद केल्या तर तेवढ्याच उजेडासाठी दिवे वाढवावे लागतात आणि त्याचं वीजबिल कायमचं मागे लागतं.

हेच आकडे अधू नजरेच्या लोकांसाठीही कामाचे. भिंत आणि फरशी, दार आणि भिंत यांच्या आकड्यांत निदान ३० चा फरक हवा. लाल भिंतीवर हिरवं दार डोळ्यात भरेल असं वाटतं, पण दोघांचा आकडा सारखाच निघू शकतो आणि रंगांधळ्या माणसाला दारच सापडत नाही. पायऱ्यांच्या कडेवर साधारण दोन इंच रुंदीचा, पूर्ण लांबीचा वेगळ्या छटेचा पट्टा लावा. स्वच्छतागृहात पांढऱ्या टाइलसमोर पांढरं भांडं आणि पांढरं बेसिन ही तर नेहमीचीच चूक. निदान भांड्यामागची भिंत तरी गडद ठेवा.

आवाजाकडे बहुतेक कुणीच बघत नाही, म्हणून इथे गणित मांडतो. सभागृह २० × १२ मीटर, उंची ४.५ मीटर, म्हणजे घनफळ १०८० घनमीटर. फरशी, गिलावा, काच, सगळं कठीण असेल तर एकूण ७६८ चौरस मीटर पृष्ठभागातून आवाज शोषणारं क्षेत्रफळ जेमतेम २३ चौरस मीटर भरतं. घनफळाला ०.१६१ या ठरलेल्या गुणकाने गुणून त्याला २३ ने भागा. उत्तर येतं साडेसात सेकंद. म्हणजे रिकाम्या सभागृहात एक टाळी विरायला एवढा वेळ! पन्नास माणसं बसली तरी चार सेकंदांच्या आसपास. एका वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्यावर पडतं आणि 'ऐकू येत नाही' म्हणून आणखी मोठा माइक आणला जातो, त्याने गोंधळ वाढतोच. त्याच छताला ०.७ शोषणाच्या, म्हणजे पडलेल्या आवाजाचा ७० टक्के भाग गिळणाऱ्या, ध्वनिशोषक टाइल लावल्या तर रिकाम्या दालनाचा आकडा एका सेकंदाच्या आत येतो. पैसे कमी असतील तर भिंतींवरचं लाकडी कोरीवकाम काटा, छत काटू नका. भिंतीला पॅनेल लावायचेच असतील तर वक्त्याच्या समोरच्या, म्हणजे श्रोत्यांच्या मागच्या भिंतीला लावा आणि आग लागल्यास ज्वाला किती पसरतात याचं चाचणी प्रमाणपत्र घेऊनच.

दारं-काउंटरबद्दल थोडक्यात. काउंटरच्या पुढच्या भागाला गुडघे, पिशव्या आणि फरशी पुसतानाचं पाणी लागतं. पार्टिकल बोर्ड खालून फुगतो, म्हणून जलरोधक प्लायवूड, कडेला २ मिलिमीटरची पट्टी आणि तळाला १०० मिलिमीटर दगडी पाया. कर्मचाऱ्यामागे उघडी खिडकी नको. समोरच्याला त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठांवरून बोलणं समजून घेणाऱ्याची पंचाईत होते. मागे मधल्या छटेची, चमक नसलेली भिंत ठेवा.

आणि आता भिंती. नवा गिलावा निदान चार आठवडे सुकू द्या. ताज्या सिमेंटमधली अल्कली रंगातला बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) खाते, ओल राहिली की लोणा फुटतो आणि पुट्टीसकट पोपडे निघतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि गिलाव्याचे हे चार आठवडेच पहिले कापले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. तारीख हलत नसेल तर तात्पुरता एक साधा हात मारा आणि शेवटचा रंग नंतर द्या. पुट्टी दोन पातळ थरांत, मिळून दीड मिलिमीटरपर्यंत. गिलाव्याचे उंचवटे पुट्टीने लपवू नका.

सेमीग्लॉस, म्हणजे थोडा चमकणारा रंग, धुता येतो म्हणून सगळीकडे तोच मारतात. पण लांब कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी असेल तर तिरप्या उजेडात गिलाव्याची प्रत्येक लाट दिसते. वरच्या भागाला मॅट द्या, पण ओल्या घासण्याच्या चाचणीत पहिल्या वर्गाचा. पूर्वी चाचणीत टिकणारे मॅट कमी होते, आता मिळतात. खाली जमिनीपासून १२०० मिलिमीटरपर्यंत टाइल किंवा लॅमिनेट, कोपऱ्यांना स्टीलच्या पट्ट्या. भिंत मळते ती खांदा टेकतो तिथे, बूट लागतो तिथे आणि बाकाची पाठ घासते तिथे. बाकी भिंत वर्षानुवर्षं तशीच राहते.

रंग मोबाइलवर किंवा थ्रीडी चित्रावर ठरवू नका. १ मीटर × १ मीटरच्या बोर्डावर दोन हात मारून तो बोर्ड खऱ्या जागी, बसवायच्या त्याच दिव्याखाली उभा करा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. ४००० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचं माप) दिव्यात करडा वाटणारा रंग ६५०० मध्ये निळसर होतो. शिवाय छोट्या चौकोनात फिकट वाटलेली छटा मोठ्या भिंतीवर बहुधा जास्त भडक भासते, म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी हलकी घ्या. मजले ओळखण्यासाठी रंग वापरा, पण शेजारी मोठा आकडाही लिहा. आणि कुठल्याही पक्षाच्या झेंड्याचा रंग भिंतीवर नको. सत्ता बदलली की चांगल्या भिंतीला पुन्हा रंग लागतो.

निविदेत कंपनीचं शेडनाव आणि पुढे 'किंवा समतुल्य' लिहिलं की वाट्टेल ते येतं. शेडनावं बदलत राहतात. त्याऐवजी एनसीएस किंवा आरएएल (रंगांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणित पद्धती) यांतला क्रमांक, परावर्तनाचा आकडा, चमकेची पातळी आणि धुण्याचा वर्ग लिहा. १००० चौरस मीटर भिंतीला दोन हात म्हणजे, लिटरला १० ते १२ चौरस मीटर धरून, १७० ते २०० लिटर रंग लागतो. कंत्राटदाराच्या बिलात १०० लिटर दिसले तर दुसरा हात पाण्याचाच होता. मंजूर नमुन्याच्या पाठीवर तारीख आणि तिघांच्या सह्या घेऊन तो कार्यालयात कुलपात ठेवा, कंत्राटदाराकडे नको.

फरशी एकाच बॅचची घ्या आणि तोडफोड धरून मागवलेल्या मालाव्यतिरिक्त आणखी ५ टक्के वेगळी मागवा. ती जिन्याखाली रचून प्रत्येक खोक्यावर मजला, खोली आणि बॅच क्रमांक मार्करने लिहा. पहिली फरशी फुटते ती बहुधा वातानुकूलन यंत्र बसवणाऱ्यांच्या शिडीखाली, हस्तांतरणानंतर महिन्याभरातच.