दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय शुक्रवारी रात्री वाचला. शनिवारी शटर उघडल्यावर मास्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काज करत होते, मान वर न करता म्हणाले, "बाई ने गलत नै लिखी." तेव्हा उत्तर द्यायला उशीर झाला तो रागामुळे नाही, एवढं आधी सांगते.

इतर गिऱ्हाइकांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. मावशी, म्हणजे माझी आई, गेल्या आणि दुकानाची कळा गेली. आधी इथलं इरकली जाकीट लग्नाच्या मांडवात लांबून ओळखू यायचं, आता लेबल कापलं तर कुठलंही वाटेल. दिवाळीत घेतलेलं जाकीट मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथं, दाटतं, अस्तर अंगाला चिकटतं, काठ भलतीकडेच आलाय, खणाच्या जाकिटावर मोर छापलेत, हिमरूचा, म्हणजे सुती-रेशमी नक्षीच्या कापडाचा, माल तर या दुकानाचा वाटतच नाही. आणि शेवटी, पॅरिसचा फॅशन डिझायनर डिओर गेला तरी डिओरचं दुकान चाललं, तुम्हाला दोन वर्षं निभावता आली नाहीत.

अस्तराचं आधी घेते, कारण तिथं चूक सरळ माझी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. अडीच हजारांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 18. आधी हजाराच्या वर सरसकट 12 होता. आमचं जाकीट अडीच हजाराच्या थोडं वर जायचं. ते खाली बसवायचं म्हणून मी हिशेबाची वही घेऊन बसले आणि जे बाहेरून दिसत नाही तिथं कात्री लावली. सुती अस्तर काढून क्रेपचं घातलं, आतली पायपिंग काढून टाकली. कागदावर छान जमलं. परभणीच्या उन्हात ते जाकीट घालून उभं कोण राहणार, हे त्या वहीत कुठं लिहायची सोय नव्हती. आईनं असं केलं नसतं. तिनं दर वाढवला असता आणि गिऱ्हाइकाशी अर्धा तास वाद घातला असता. या महिन्यापासून अस्तर परत सुती केलंय, दर वाढलाय, आणि वाद घालायची माझी तयारी आहे.

मुंढ्याची गोष्ट मात्र जरा लांबची आहे.

आईकडे कागदाचा पॅटर्न नव्हता हे तुम्हाला माहीत असेल. टेप गळ्यात असायची, पण ती सवयीनं. बाई समोर उभी राहिली की आई म्हणायची, "हात वर करा, दोरीवर धुणं टाकल्यासारखे." मग पाठीमागून बघायची आणि खडूनं थेट कापडावर रेघ मारायची. ती गेल्यावर पहिल्या महिन्यात मी पुण्याच्या कोर्समधला साइजचा तक्ता काढला, एस, एम, एल, एक्सएल, आणि मास्टरांसमोर ठेवला. त्यांनी तो बघितला, घडी घातली आणि शिवणयंत्राच्या खणात टाकला. तरी मी हट्टानं त्यावरच कापायला लावलं. तुम्ही घेतलंत ते जाकीट त्यातलंच. सरळ उभं राहिलं की देखणं दिसतं. हात वर केला की दाटतं.

गेल्या उन्हाळ्यात तीन जुन्या गिऱ्हाइकांकडून आईनं शिवलेली जाकिटं मागून आणली. उसवली नाहीत, नुसती टेबलावर पसरून मोजली. मला वाटलं, तिन्हींत मिळून एक पॅटर्न सापडेल. तिन्ही वेगळी निघाली. एकीचा खांदा बोटभर पुढं ओढलेला, दुसरीची पाठ पुढच्या भागापेक्षा रुंद, तिसरीची डावी बाही उजवीपेक्षा किंचित मोठी. मास्टरांना विचारलं, ही चूक का? ते म्हणाले, त्या बाई शाळेत फळ्यावर लिहायच्या, डाव्या हातानं. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

म्हणजे तुम्ही ज्याला इथली स्टाइल म्हणता तिचा साचा कुठं ठेवलेलाच नव्हता, की मी तो हरवला म्हणावं. आता तक्ता बंद केलाय. मापाला आलेल्या प्रत्येक बाईला हात वर करायला सांगतो. नव्या मुली हसतात, पण करतात.

काठाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि पूर्ण बरोबर नाही. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोड करतात, त्याला टोप तेनी म्हणतात. आई तो जोड कधी कापायची नाही. तो पाठीवर आडवा, दोन्ही खांद्यांच्या मधोमध यायचा, त्याच्या वर लाल रेशमी पदर आणि खाली अंगाचा रंग. तुम्ही लांबून ओळखायचात ते त्यामुळेच. पण हे जमायचं कारण तिला अख्खी नऊवारी लुगडी मिळायची. तुमच्याच आजीचं एक होतं, गोमी नावाच्या नक्षीच्या काठाचं. घरोघरच्या ट्रंका रिकाम्या होत होत्या आणि त्या हिच्याकडे रिकाम्या होत होत्या, असं म्हटलं तरी चालेल. आता ट्रंकाच उरल्या नाहीत. मी थानातून मीटरवर इरकल घेते, त्याला पदरच नसतो. जोड कुठून आणू? काठ मात्र पुढच्या उघडणीवर यायला हवा होता आणि तो बगलेत गेला, कारण तसं कापलं की कापड वाचतं. हे मला माहीत होतं आणि मी चालू दिलं. एवढा दोष घेते.

एक मात्र सांगायलाच हवं. तुम्ही लिहिलंय की मावशींच्या वेळी सगळं हातमागाचं होतं. नव्हतं, ताई. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण ती आणायची, पण यंत्रमागाचाही आणायची आणि चिठ्ठीवर तसं लिहायची. त्या चिठ्ठ्या कुणी वाचायचं नाही. तुमचा मोरपिशी खण यंत्रमागाचा होता. तुम्ही त्याचं कौतुक केलंत तेव्हा आई गप्प बसली नव्हती, तिनं तुम्हाला सांगितलं होतं. मी तिथंच बटणं लावत होते.

मोरांचं कसं सांगू कळत नाही. ते छापील मोर माझे नाहीत, आईचे आहेत. शेवटच्या आजारपणात तिला झोप लागायची नाही, रात्र रात्र मोबाइल बघायची. एका सकाळी म्हणाली, हे मोर खणावर छापून घेऊ, पोरींना आवडतील. मला तेव्हाही आवडले नव्हते. "कामून गं, तोंड कामून वाकडं?" असं तिनं विचारलं आणि मी म्हणाले, छान आहेत. शंभर मीटर छापून आलं तोवर ती नव्हती. ते कापड पडून राहू नये म्हणून मी दोन वर्षं ते शिवत राहिले. तुम्ही ज्याला दुकानाची घसरण म्हणालात ती तिची शेवटची ऑर्डर होती. यात तुमची काही चूक नाही, तुम्हाला कसं कळणार. उरलेलं कापड आता शिवणार नाही. सेलमध्येही काढणार नाही.

डिओरचं म्हणाल तर आम्हाला कोर्समध्ये तेच शिकवलं होतं, म्हणून थोडं पुढचंही सांगते. ख्रिस्तियाँ डिओर 1957 च्या ऑक्टोबरमध्ये वारले आणि त्यांच्या हाताखालच्या 21 वर्षांच्या सॅं लोराँकडे काम आलं. पहिला संग्रह डोक्यावर घेतला गेला, खरंय. पण 1960 मध्ये त्यानं आपल्या मनाचं केलं तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, त्याला सैन्यात बोलावणं आलं आणि त्याच्या जागी मार्क बोआन आले. पॅरिसच्याच डिझायनर शानेल बाई 1971 मध्ये गेल्या आणि त्यांच्या दुकानाला सावरणारे लागरफेल्ड तिथं 1983 मध्ये आले. मधली बारा वर्षं त्यांच्याकडे अत्तराच्या बाटल्या होत्या. आमच्याकडे संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारातल्या अस्तरवाल्याची उधारी आहे. तेव्हा दोन वर्षांत निकाल लावू नका, इतकंच.

आता हिमरू. इथं मी माघार घेणार नाही. तो माल या दुकानाचा वाटत नाही, कारण तो आईचा नाही, माझा आहे. आई हिमरूला हात लावायची नाही. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, आणि मागच्या बाजूला सुटे धागे, त्यात बांगडी अडकली की संपलं. शाली आणि शेरवान्यांसाठी ते चालायचं, रोजच्या अंगावर टिकायचं नाही, असं तिचं मत. म्हणून मी अख्खं जाकीट हिमरूचं करत नाही. कॉलर आणि खिशाची झडप तेवढी, बाकी जाड सुती कापड, आणि हिमरूच्या मागं अस्तर पक्कं टाचलेलं. आपल्या शहरात हे विणणारे हात आता थोडेच राहिलेत, त्यांचं कापड थोडं थोडं का होईना खपावं असं मला वाटतं. तुम्हाला नाही आवडलं, ठीक आहे. मास्टरांनाही नाही आवडत. पण ते मी बंद करणार नाही, आणि त्यावर आईचं लेबलही लावणार नाही. नवं लेबल शिवायला टाकलंय.

तुमचं दिवाळीचं जाकीट घेऊन या. मंगळवारी येऊ नका, दुकान बंद असतं. अस्तर सुती घालून देते, त्याचे पैसे नाहीत. मुंढा मास्टर सैल करतील. बगलेच्या शिवणीत दोन्हीकडं इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, आहे. तेवढं एक आईच्या सांगण्यावरून मी तक्त्यातही सोडलं नव्हतं. काठ मात्र आता हलवता येणार नाही.

आणि जमलं तर आजीच्या लुगड्याचं ते गोमी काठाचं जाकीटही सोबत आणा. उसवणार नाही. एक दिवस ठेवून घेते, मापं लिहून परत देते.