गटशिक्षणाधिकारी केरव्यात बसतात

कोल्हापुरात शाळेत गाणं शिकवतो म्हटलं की समोरचा हमखास म्हणणार, "वा! अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाचं गाव, देवल क्लबसारख्या संगीतसंस्थेचं गाव, पोरांच्या रक्तातच असणार की ओ!" असेल बाबा. पण मला जी पोरं मिळालीत त्यांच्या रक्तात फुटबॉल आहे. शाहू स्टेडियमवर आपापल्या तालमीच्या संघासाठी बोंबलून ज्यांचा गळा तयार झालाय, त्यांना "बाळांनो, हळूच सा लावा" म्हणायचं. सा म्हणजे आरोळी अशीच त्यांची समजूत, आणि प्रत्येकाचा सा स्वतंत्र. खाँसाहेबांचा आवाज म्हणे एका संस्थानात सलग गाऊन गाऊन बसला आणि त्यातूनच त्यांची ती नवी गायकी तयार झाली. माझा दर शनिवारी बसतो, घराणं काय अजून निघालेलं नाही.

पेटी कपाटात, किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा बँकेत. ती मिळेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो, मग भाता कोण मारणार यावरून भांडण. "सर, ह्यानं मागल्या टायमाला पण मारलाय, आज माझा नंबर हाय!" त्यात कोमल रे ची पट्टी एकदा दाबली की दबूनच राहते आणि तो रे तास संपेपर्यंत कण्हत बसतो.

गायच्या पट्टीचा, म्हणजे सा किती उंच धरायचा याचा, तर वेगळाच घोळ. पोरांचा आवाज उंच, मी माझ्या खालच्या पट्टीत, पांढरी एकला, म्हणून दाखवलं की ती पण हनुवटी छातीला लावून खर्ज काढायला जातात आणि वर्गात बेडूक बोलायला लागतात. म्हणून मला त्यांच्या उंच पट्टीत, काळी चारला, चोरटा आवाज लावून गावं लागतं. एकदा शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघून गेल्या, कोण रडतंय म्हणून.

सुरुवात भूपापासून, पाचच स्वर, सोपा राग. मागच्या बेंचवरून लगेच प्रश्न, "सर, म आणि नी कुठं गेलं?" म्हटलं भूपात ते नसतात. "मग गैरहजेरी मांडलासा काय?"

तालाचं मात्र शिकवायला लागत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. हलगी ऐकत वाढलेली पोरं, कंपासपेटी आणि पट्टी घेऊन बेंचवर असलं काही वाजवतात की मीच शिकवायचं विसरून मान हलवत बसतो. धा गे ना ती म्हणून हाताला मात्रा मोजायला लावल्या की मात्र चेहरे पडतात.

खरा छळ स्वागतगीताचा. चाल कुठलीही असो, त्यात पाहुण्यांचं पद कोंबायचं, आणि पाहुणे कोण हे त्याच दिवशी सकाळी कळणार. नगरसेवक असले तर सहा अक्षरं, सहा मात्रांच्या दादऱ्यात छान बसतात. प्रशासनाधिकारी सात, म्हणजे सात मात्रांचा रूपक, आणि रूपक चौथीच्या पोरांना कोण शिकवणार? गटशिक्षणाधिकारी मोजून आठ, आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन फिट्ट, फक्त 'साहेब' शिल्लक उरतात आणि त्यांना बाहेर ठेवून चालत नाही. मुख्याध्यापिका मॅडमना हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं तर म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा ॲडजस्ट करा की." मी दोन ताल बसवले. पोरं रोज दोन्ही गायला लागली, बऱ्याचदा एकाच वेळी.

कार्यक्रमाच्या दिवशी आले केंद्रप्रमुख! पाच अक्षरं. मला घाम फुटला, बोटं मोजायला लागली, आणि लक्षात आलं की अरे, ह्यात 'साहेब' धरले तर बरोब्बर आठ होतात. पोरांना खूण केली. पोरांनी असा काही केरवा धरला की मांडवातला स्पीकर शिट्टी मारायला लागला, आणि साहेब 'ब' वर खुर्चीतून अर्धे उठले.

भाषणात ते म्हणाले, आवाज दणदणीत आहे, लई भारी, पण गणितात शाळा मागं आहे, तिकडं लक्ष द्या. सोमवारी संगीताचा तास गणिताच्या बाईंना गेला, परीक्षेपर्यंत.

आता बाईच रोज माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. पोरं एकपासून आठपर्यंत अगदी ठणठणीत मोजतात म्हणे, आणि पुढं नऊ म्हणायच्या ऐवजी टाळी मारून परत एकवर येतात.