पैसे दिसेनासे झाले, गेले नाहीत

मुलुंडच्या एका गृहनिर्माण सोसायटीची मानद खजिनदार असलेल्या माझ्या वहिनीने देखभाल खर्चाचा तक्ता सूचनाफलकावर लावला आणि तासाभरात एका ज्येष्ठ सभासदांनी कॅल्क्युलेटर काढून विचारले, "सोळा रुपये कुठून वाढले?" या प्रश्नाचे मूळ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एक्सेलच्या ‘युक्त्यां’त आहे.

पहिली युक्ती अशी: ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये, म्हणजे आकडा कसा दिसावा हे ठरवणाऱ्या सोयीत, ‘कस्टम’ निवडून शून्य लिहा, रुपयांपुढचे पैसे कायमचे निघून जातील. हे धादांत खोटे आहे. चाळीस सदनिकांच्या प्रत्येकी १,२५०.४० रुपयांच्या जागी १,२५० दिसू लागले, पण बेरीज मूळ आकड्यांचीच झाल्याने खाली ५०,०१६ आले. छापील आकडे मिळवणाऱ्याला मात्र ५०,००० मिळणार. फॉरमॅटने सेलमधली, म्हणजे तक्त्याच्या चौकटीतली, खरी किंमत बदलत नाही आणि आकडेमोड त्या किमतीवरच होते, असे मायक्रोसॉफ्टचे मदतपृष्ठच स्वच्छ सांगते. खरोखर पूर्णांक हवा असेल तर राउंड हे सूत्र वापरावे लागते.

दुसरी युक्ती चुकीची तर आहेच, शिवाय घातक आहे. सभासदांचे मोबाइल आणि पॅन क्रमांक ‘सुरक्षित’ करण्यासाठी तीन अर्धविरामांचा (;;;) फॉरमॅट द्यावा, असे हा संदेश सांगतो. अर्धविरामांनी धन, ऋण, शून्य आणि मजकूर असे चार भाग वेगळे होतात. चारही रिकामे ठेवले की सेल कोरा दिसतो, एवढेच. त्यावर क्लिक करताच तक्त्याच्या वर असलेल्या फॉर्म्युला बारमध्ये पूर्ण क्रमांक उभा राहतो. अशी फाइल गटावर टाकणे म्हणजे कुलपाऐवजी पडदा लावून घर सोडणे होय.

बँक खात्याचा लांबलचक क्रमांक १.२३ई+१४ असा दिसू लागला तर शून्याच्या फॉरमॅटने तो पूर्ण दिसतो, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखते, सोळाव्या अंकाचे शून्य होते आणि ते कोणत्याही फॉरमॅटने परत येत नाही. असे क्रमांक लिहिण्याआधीच सेल ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

वहिनीने तक्ता राउंड वापरून पुन्हा केला. बेरीज आता ५०,००० येते, आणि कमी पडणारे सोळा रुपये कोणी सोसायचे हा विषय कार्यकारिणीपुढे गेला आहे.