एसएसएलसीचा निकाल मोबाईलने पाडला?

एसएसएलसी म्हणजे आमची कर्नाटकातली दहावी. तिची प्रिपरेटरी, म्हणजे सराव परीक्षा जवळ आली की आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. बेळगावातून सुटतो, निपाणी-खानापूर फिरून परत येतो. मजकूर असा: सोशल मीडियामुळे एसएसएलसीचा निकाल एका वर्षात 83 टक्क्यांवरून 73 वर आला. पोरांचं लक्ष आता 8 सेकंद टिकतं, गोल्डफिशचं 9. जितके तास मोबाईल, तितके मार्क कमी, हे संशोधनानं सिद्ध झालंय. म्हणून मोबाईल काढून घ्या, पोर पहिलं येईल. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवतो. मोबाईलचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. रात्री रील बघत जागलेली पोरं पहिल्या तासाला बाकावर मान टाकतात, ते रोज बघतो. पण या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की हाती फार थोडं उरतं.

निकालाचे आकडे खरे आहेत. 2023 ला 83.89 टक्के, 2024 ला 73.40. मधल्या वर्षात बदललं काय? परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग आलं. वर्गातला कॅमेरा थेट अधिकाऱ्यांना दिसू लागला आणि कॉपीला चाप बसला. निकाल इतका कोसळला की सरकारनं ग्रेस गुण 10 टक्क्यांवरून 20 वर नेले, ते मिळण्यासाठी लागणाऱ्या किमान गुणांची अट 35 टक्क्यांवरून 25 वर आणली. तसं केलं नसतं तर निकाल 53 च्या आसपास लागला असता. म्हणजे 73 हासुद्धा टेकू देऊन उभा केलेला आकडा. याच्या उलट 2021 आठवा. शाळा बंद, ऑनलाइन वर्गाच्या नावाखाली फोन पोरांच्या हातात. जुलैत दोनच दिवस बहुपर्यायी पेपर झाले आणि अख्ख्या राज्यात एकच उमेदवार नापास झाली, तीही तिच्या जागी दुसऱ्याच कुणी पेपर लिहिला म्हणून. मेसेजचं गणित लावायचं, तर फोनमुळे निकाल शंभराला टेकला असं म्हणावं लागेल. म्हणणार का?

गोल्डफिशचं थोडक्यात उरकतो. हा आकडा 2015 साली मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालात छापून आला आणि जगभर फिरला. तो त्यांच्या स्वतःच्या अभ्यासातला नव्हता, दुसऱ्या एका वेबसाइटवरून उचललेला होता. 2017 मध्ये बीबीसीनं त्याचा माग काढला, तर मागे कुठलंच संशोधन सापडेना. आणि ज्या पोराचं लक्ष 8 सेकंदही टिकत नाही म्हणता, तेच कुस्तीच्या मैदानात तीन तास जागचं हलत नाही.

आता 'संशोधनानं सिद्ध झालंय'. यावर जरा थांबायला हवं, कारण संशोधन खरोखरच आहे, फक्त ते मेसेजवाल्यांनी वाचलेलं नाही. मार्कर, ग्नाम्ब्स आणि आपेल या तिघांनी 2018 मध्ये 59 नमुन्यांतल्या 29 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सोशल मीडियाचा वापर आणि मार्क यांचा संबंध निघाला उणे 0.07. शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पक्का. तेव्हा हा संबंध आहे, पण अगदी क्षीण. पुस्तक उघडं ठेवून मधेमधे फोन बघणाऱ्यांत तो उणे 0.10 झाला. शाळेच्या कामासाठी वापरणाऱ्यांत मात्र चिन्हच पालटलं, अधिक 0.08. शिवाय सोशल मीडिया वापरणारे अभ्यासाला कमी वेळ देतात, असंही त्यात दिसलं नाही. म्हणजे नुसते तास मोजून काही कळत नाही, त्या तासांत पोर काय करतंय ते बघावं लागतं.

आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. त्रिकोणमिती डोक्यावरून गेली की पोर फोनकडे वळतं, हेही तितकंच शक्य आहे. मेसेजवाल्यांना एक बरा मुद्दा मीच देतो. असर या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या ग्रामीण पाहणीत फोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. आणि 2024 च्या एसएसएलसीत मुली 81.11 टक्के, मुलगे 65.90. बघा, फोन नाही तर निकाल चांगला! पण मुली पुढे राहताहेत त्या घरात स्मार्टफोन यायच्या आधीपासून.

राहिली जप्ती. इंग्लंडमधल्या 91 शाळांच्या अभ्यासात शाळेत फोनबंदी केल्यावर मागे पडलेल्या मुलांचे मार्क सुधारले, हुशार मुलांना काही फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तिथं कुणालाच फायदा दिसला नाही. तरी शाळेच्या वेळेत फोन नको, याला माझा पाठिंबाच आहे. घरातली जप्ती वेगळी. आमच्याकडे बऱ्याच घरांत फोन एकच, तो वडिलांचा. यूट्यूबवर मराठीतले धडे बहुतेक महाराष्ट्र बोर्डाचे. आपल्या समाज विज्ञानाचं मराठीत शोधायला जावं, तर हाती फारसं लागत नाही. मग जुन्या मराठी प्रश्नपत्रिकांचे फोटो, नोट्स, सगळं ग्रुपवरच फिरतं. फोन काढून घेतला की तेही गेलं. ज्याचं घर लांब आणि ट्यूशन परवडत नाही, त्याचं आधी गेलं.

आणि रात्री पोराच्या हाती फोन देणारे आम्हीच. मी स्वतः रात्री नऊला ग्रुपवर गृहपाठ टाकायचो. पोर गृहपाठ बघायला फोन घेणार आणि अकराला ठेवणार, हे न कळण्याइतका मी नवखा नव्हतो. सवयच लागली होती. यंदा जूनपासून शेवटच्या तासाला फळ्यावर लिहितो, वहीत उतरवून घेतो. पहिल्याच आठवड्यात एका पालकांचा फोन आला, "सर, ग्रुपवर गृहपाठच येईना की हो, पोरगं अभ्यास करतंय का नाही कळायचं कसं आम्हाला?" म्हटलं, त्याची वही उघडा.