चिरा ‘चिर’मधला नव्हे, चिरण्यातला

गणपतीच्या तोंडावर आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक संदेश आला आणि मुंबईकरांच्या ग्रुपांवर फिरत राहिला. ‘चिर म्हणजे अनंत. त्यावरूनच चिरा. कोकणातला चिरा कधी नष्ट होत नाही, म्हणून चिरेबंदी घर ते चिरंतन घर. शिवाय ही भूमी चिरंजीव परशुरामाची! शाश्वत-बिश्वत सोडा, चिरंतन म्हणा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

आधी चिऱ्याचं बघू. भाजी चिरतात, लाकूड चिरतात, तसा खाणीत जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, चिरतात. चिरून निघतो तो चिरा. संस्कृतात काळाचा ‘चिर’ ऱ्हस्व आणि फाडलेल्या पट्टीचा ‘चीर’ दीर्घ. मराठीत पुढे ‘आ’ आला की दीर्घ ‘ची’चा ‘चि’ होतो, म्हणून ही दोन घरं एक वाटतात. भिंतीला चीर गेली, चिरा पडल्या, असं आपणच म्हणतो ना? अनंताचं हे नातं जरा अडचणीचंच! शिवाय चिरा हे दगडाच्या जातीचं नावच नाही. देशावरचे चिरेबंदी वाडे काळ्या पाषाणाचे असतात.

जांभा खाणीत मऊ असतो, उघड्या हवेवर कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारच्या प्रवासात हेच पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं; लॅटिनमध्ये ‘लॅटेर’ म्हणजे वीट. त्यालाही त्यात कापून रचायची वस्तूच दिसली. आणि नष्ट होत नाही म्हणाल, तर आमच्या पडवीचे खालचे चिरे पागोळ्यांनी खाल्ले. मे महिन्यात गवंड्याने चार बदलले. मजुरी मी दिली आहे.

आता ‘चिर’. त्याचा अर्थ दीर्घ, अनंत नव्हे. ‘अचिरात्’ म्हणजे लवकरच. पाणिनीच्या एकाच सूत्रातून (४.३.२३) सायंतन आणि चिरंतन दोन्ही बनतात: संध्याकाळचं ते सायंतन, फार पूर्वीपासूनचं ते चिरंतन. मराठीत चिरंतनाला ‘कायमचं’ हा अर्थ चिकटलाय, आणि त्याला माझी हरकत नाही. भाषा वापरणाऱ्यांची असते. पण त्यावरून उलटं चालत मूळ ‘चिर’ अनंत ठरवता येत नाही.

चिरंजीवाचंही तेच. ‘चिरं जीव’ म्हणजे ‘खूप जग’, हा आशीर्वाद. म्हणून तर पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावामागे ‘चि.’ लागतं. सात चिरंजीवांत परशुराम आहेत, अश्वत्थामाही आहे. महाभारतात त्याला शाप मिळतो तो तीन हजार वर्षं भटकण्याचा. मोठा आकडा आहे, पण आकडा आहे.

राहिला ‘शाश्वत’. तो कशाला सोडायचा? नेहमी टिकणारं याला तोच नेमका शब्द, आणि बंदरावर तो रोज कामाला असतो. उद्या बांगडा मिळेल का म्हणून विचारा. ‘शाश्वती नाय.’