मे महिन्यात हिरवं गवत मागू नका

नागपुरात नवा ले-आउट असो की रस्त्याच्या भरावाचा उतार, हिरवळ म्हटली की मेक्सिकन लॉनचे तुकडे येतात. मग ४५ अंशांच्या उन्हात त्यांच्यासाठी टँकर. धुऱ्यावरचं मारवेल, आपलं देशी गवत, कुणाच्या अंदाजपत्रकात नसतं. असलंच तर त्याला लॉनसारखं वागवतात आणि ‘देशी गवत जमत नाही’ म्हणून मोकळे होतात.

मारवेल ओळखायला सोपं. कांडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, तुरा जांभळट आणि बोटांसारखा फुटलेला. भारी काळ्या जमिनीत ते रमतं. निव्वळ मुरमाच्या उतारावर कुसळी हे दुसरं देशी गवत बरं. कुसळीचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटत गरगर फिरतं आणि टोकदार बी मातीत शिरतं. तेच कुसळ मोज्यातही शिरतं, म्हणून पोरांच्या खेळाच्या जागेत ती नको.

मोठ्या सपाट जागेला बी, बाकी सगळीकडे ठोंब, म्हणजे मुळांसकट काढलेला गवताचा झुबका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमवलेलं बी लगेच पेरलं तर फार थोडं उगवतं. ते कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवून जूनमध्ये काढा. विकत घेताना मूठभर तळहातावर रगडून बघा, कारण बरीच कुसं पोकळ निघतात आणि आपण भुसा वजनावर घेतो. हेक्टरी ५ किलो धरा. ओलसर रेतीत कालवून फेका, नाहीतर वारा सगळं एका कोपऱ्यात नेऊन टाकतो. वर मातीचा थर १ सेंमीपेक्षा जास्त नको, खोल गेलेलं बी वर येतच नाही.

ठोंब २-३ फुटव्यांचा, मुळांसकट, शेंडा १५ सेंमीवर छाटलेला. पहिला दमदार पाऊस मुरल्यावर ४५ बाय ३० सेंमीवर लावा. हजार चौरस फुटांना सुमारे ७०० ठोंब लागतात, मर धरून ८०० आणा. उतारावर ओळी आडव्याच आणि वरच्या ओळीतल्या फटीखाली खालचा ठोंब, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. जिथे घळ पडायला लागली तिथे वाळ्याची दाट ओळ, १५ सेंमीवर. उमरेड-सावनेरकडच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरही हाच हिशोब.

खरी गफलत याच्या आधी होते. जेसीबी आणि रोलरखाली जमीन विटेसारखी दबलेली असते. ती २० सेंमी फोडल्याशिवाय मूळ खाली जात नाही, आणि डिसेंबरात ओल सरली की ठोंब सुकतो. ‘चांगली काळी माती’ आणून पसरली तर तिच्याबरोबर गाजरगवताचं बी फुकट येतं. युरियाही नको, त्यावर तरोट्यासारखं तण आधी माजतं, गवत मागे राहतं. पहिल्या पावसाळ्यात निंदण दोनदा, गाजरगवत फुलण्याआधी. ढोरं वर्षभर बाहेर. दुसऱ्या वर्षापासून बी झडल्यावर कापणी, बुडखा १० सेंमी राखून. बुडाशी कापणारा कंत्राटदार पुढच्या वर्षीचे फुटवे घेऊन जातो.

मार्च ते जून मारवेल पिवळं पडतं. मेलेलं नसतं, बुडखा खणून मूळ ओढा, चिवट पांढरं निघालं तर ते जिवंत आहे. निविदेत मात्र ‘तीन महिन्यांत हिरवंगार’ असं कलम असतं आणि पाहणी मे महिन्यात होते. त्याऐवजी पहिली पाहणी सप्टेंबरात ठेवा, चौरस मीटरमधले जिवंत ठोंब मोजा, ५ पेक्षा कमी भरले तर पुढच्या जुलैत खाडे, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागा, भरायची जबाबदारी कंत्राटदाराची. शेवटचं बिल दुसऱ्या पावसाळ्यानंतर.