एकतीस नंबरला किती बॉल मिळाले?

सात. मोजून सात. तीन स्मॅश, दोन सर्व्हिस आणि कोचने चार मीटरवरून हातानेच टाकलेले दोन बॉल अंडरहँडने परत द्यायचे. एवढ्यावर आज एका कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमच्या ट्रायलमध्ये तिचा निकाल लागला. तिचं नाव मला माहीत नाही, छातीवर ३१ नंबरचा कागद होता. उंची विचारली, तिने "एकशे पासष्ट" सांगितलं आणि लिहिणाऱ्याचं पेन तिथेच थांबलं. पुढचे सात बॉल नुसता उपचार. दीड तासात चव्वेचाळीस मुली उरकल्या आणि भिंतीवर यादी लागली.

घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे. लांबेल, पण लिहिते.

आधी उंचीचं बोलू, कारण सगळे तिथेच अडकतात. मुलींच्या नेटची उंची २.२४ मीटर. नेटवर उंची खेळत नाही, हात कुठपर्यंत पोचतो ते खेळतं. ते मोजायला अर्धा तास लागतो. मुलींना वीस मिनिटं वॉर्म-अप करू द्या, थंड अंगाने मारलेली उडी कमीच भरते आणि स्नायू दुखावतो तो वेगळा. मग बूट घालून, टाचा टेकवून एक हात वर, ही उभी पोच. मग दोन हातांनी ब्लॉकची, म्हणजे समोरचा स्मॅश नेटवर अडवायची, उडी. मग तीन पावलांच्या धावेने स्मॅशची उडी. प्रत्येकीला तीन संधी, सर्वांत चांगली लिहायची. १७८ सेंटिमीटरच्या मुलीची उभी पोच २३० आणि धावेची उडी ४० असेल तर हात २७० ला पोचतो. १७० च्या मुलीची पोच २२२ आणि उडी ५० असेल तर २७२. कागदावर पहिली आठ सेंटिमीटर उंच आहे, नेटवर दुसरी दोन सेंटिमीटर वर आहे. आणि एकच उडी पाहून थांबू नका. लागोपाठ पाच उड्या मारायला लावा आणि पाचवी पहिलीच्या किती खाली येते ते पाहा. मिडल ब्लॉकरला, म्हणजे नेटच्या मधोमध अडवणारीला, एका रॅलीत तीनदा उडावं लागतं, तिथे पाचवी उडीच खरी.

हो, उंची शिकवता येत नाही, मान्य. मिडलला ती हवीच. पुढे.

क्यूबाची मिरेया लुईस १७५ सेंटिमीटरची होती. १९९२, १९९६ आणि २००० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, आणि ती स्मॅशर होती. जपानची सेटर (स्मॅशरला बॉल उचलून देणारी) योशिए ताकेशिता १५९ सेंटिमीटरची. २००६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तीच सर्वोत्तम खेळाडू ठरली. ही नावं अपवाद आहेत म्हणाल. असतील. पण आजच्या टेबलावर बसलेल्यांच्या हातून दोघीही पेन थांबण्याच्या पायरीवरच गेल्या असत्या.

बरं, नेट तरी मोजलं होतं का? नाही. मध्यभागी २.२४ भरलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखं, फार तर २ सेंटिमीटर जास्त. आजचं नेट मध्ये डोळ्यांना दिसेल इतकं झुकलेलं होतं. झुकलेल्या नेटवर प्रत्येकजण स्मॅशर दिसते. बॉल दगडासारखे फुगवलेले. दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. त्याच्या वर गेला की बॉल हातावरून उसळतो आणि चांगला पास देणारी मुलगीही कच्ची दिसते. टेप आणि दाब मोजायचं गेज, दोन वस्तू. त्या आणल्या नाहीत आणि मुलींना मात्र "तयारी करून यायचं ना" असं ऐकवलं.

आता त्या तीन स्मॅशबद्दल. रांग लावायची, कोचने नेटजवळ सुंदर बॉल उचलून द्यायचा, मुलीने धावत येऊन ठोकायचा. दिसायला जोरदार, निवडीला निरुपयोगी. मॅचमध्ये असा बॉल मिळतो कितींदा? पास बिघडतो, सेटर धावते, बॉल नेटपासून तीन-चार मीटर मागे, उंच आणि वाकडा येतो, समोर दोन ब्लॉकर उभ्या असतात. तो बॉल मुलगी काय करते? आंधळेपणाने मारून बाहेर घालवते, की ब्लॉकच्या बोटांवर मारून मिळवते, की कोपऱ्यात खोल टाकून रॅली चालू ठेवते? स्मॅशरची परीक्षा तिथे आहे. वीस बॉलांपैकी निम्मे तरी असे बिघडलेले द्या आणि हिशोब ठेवा: मिळवलेल्या गुणांतून चुका वजा करून प्रयत्नांनी भागायचं. वीस बॉलांत आठ गुण आणि सहा चुका म्हणजे ०.१००. वीस बॉलांत सहा गुण आणि एक चूक म्हणजे ०.२५०. टाळ्या पहिलीला पडतात, सेट दुसरी जिंकून देते. रॅली पॉइंटच्या, म्हणजे प्रत्येक रॅलीला गुण मिळणाऱ्या, खेळात प्रत्येक चूक थेट समोरच्याच्या खात्यात जाते. पूर्वी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या टीमला मिळायचा, तेव्हा अशी चूक कधी कधी खपून जायची.

३१ नंबरचा दुसरा स्मॅश नेटमध्ये गेला. तिसऱ्याला तिने धाव अर्धं पाऊल उशिरा सुरू केली आणि बॉल मागच्या कोपऱ्यात घातला. चूक झाली, पुढच्याच बॉलला तिची तिनेच दुरुस्त केली, कुणी न सांगता. ट्रायलमध्ये याहून मोलाचं काही दिसत नाही. लिहिलं कुणी? पुढच्या मुलीचा नंबर पुकारला होता.

रिसीव्हबद्दल, म्हणजे समोरची सर्व्हिस घेऊन सेटरकडे पास देण्याबद्दल, मला सर्वांत जास्त राग आहे, कारण टीम तिथेच बुडतात. कोचने हाताने टाकलेला बॉल म्हणजे रिसीव्ह नव्हे. सर्व्हिस एंड लाइनच्या मागूनच यायला हवी, मुलींच्याच हातून. निम्म्या फ्लोट, निम्म्या टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरत खाली बसणाऱ्या. फ्लोट बॉल फिरत नाही म्हणून हवेत डुलतो आणि अचानक दिशा बदलतो. ज्या मुलीचे पाय आधी हलतात तीच तो घेते, जी नुसते हात लांब करते तिचा बॉल गॅलरीत जातो. प्रत्येक पासला ० ते ३ गुण. सेटर जागेवरून तिन्ही पर्याय खेळवू शकली तर ३. दोन-तीन पावलं हलावं लागलं पण दोन पर्याय उरले तर २. एकाच टोकाला उंच बॉल देणं एवढंच उरलं तर १. एस गेली, म्हणजे सर्व्हिसवरच थेट गुण गेला, किंवा बॉल खेळताच आला नाही तर ०. वीस सर्व्हिसमध्ये ४४ गुण म्हणजे सरासरी २.२, कॉलेजच्या टीमसाठी उत्तम. दोन बॉलांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, त्यात एक नशिबाचा असतो.

वेळ नव्हता म्हणतात. वेळेचा हिशोब मांडूया. एका बाजूला तिघी रिसीव्हला, पलीकडून तिघी आळीपाळीने सर्व्हिसला, कुणावर मारायची ते आधी सांगून. दर दहा सेकंदाला एक सर्व्हिस धरली तर साठ सर्व्हिस दहा मिनिटांत होतात आणि तिघींना प्रत्येकी वीस बॉल मिळतात. चव्वेचाळीस मुलींचे पंधरा गट, म्हणजे एका कोर्टवर दीडशे मिनिटं, दोन कोर्टवर ऐंशी. वर सर्व्हिस करणाऱ्यांचीही नोंद त्याच वेळी होऊन जाते. तीन-तीन तासांचे दोन दिवस काढले की सगळं बसतं. चार वर्षांसाठी खेळाडू घेताय आणि दोन दिवस नाहीत?

सेटरची निवड तर अजूनच घाईत झाली. तिला नेटजवळ उभं करून छान छान बॉल दिले आणि तिने छान छान उचलले. अहो, तिला पाचव्या जागेवरून (मागच्या डाव्या कोपऱ्यातून) पळत येऊ द्या. पास नेटवर चिकटलेला द्या, तीन मीटर रेषेच्या मागे पडलेला द्या. पुढे सेट करताना आणि पाठीमागे सेट करताना तिचा बॉल एकाच जागेवरून सुटतो का, की पाठ वाकलेली पाहूनच समोरच्या ब्लॉकरला कळतं? उंच बॉल अँटेनाच्या (नेटच्या कडेच्या काठीच्या) एक मीटर आत आणि नेटपासून साधारण एक मीटर मागे पडतो का? दहांपैकी सात पडले तर ती मुलगी ठेवा. आणि तिच्यासमोरच्या स्मॅशर बदलत राहा. चांगली स्मॅशर वाईट सेटसुद्धा मारून नेते, मग श्रेय भलतीकडे जातं.

लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी. १९९८ साली ही जागा नियमात आली तरी निवडणाऱ्यांच्या डोळ्यांना अजून झेप आणि लोळणच दिसते. ज्या मुलीला बॉल वाचता येतो तिला झेप घ्यावीच लागत नाही, ती आधीच तिथे उभी असते. तिला पाहायचं तर बॉलकडे पाहू नका. समोरची स्मॅशर हात मागे नेते त्या क्षणी या मुलीचे पाय कुठे आहेत, वजन टाचांवर आहे की चवड्यांवर, खांदा पाहून ती सरकते की बॉल सुटल्यावर, ते पाहा.

आणि इथे मला परत ३१ नंबरकडे जावंसं वाटतं. शेवटी दहा मिनिटं सहा-सहाचा खेळ घेतला, उंच मुलींचाच. बाकीच्या कडेला बॉल गोळा करत होत्या. ३१ नंबर एंड लाइनच्या मागे उभी होती, काखेत एक बॉल. समोरची स्मॅशर उडाली आणि ही ओरडली, "टिप!" आणि खरंच टिप पडली, जोरात न मारता बोटांनी हलकेच ब्लॉकच्या मागे टाकलेली. दोन मिनिटांनी पुन्हा. पुन्हा टिपच. कोर्टमधल्या सहाजणींपैकी एकीलाही ते आधी दिसलं नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या, आधीच मनातून काढून टाकलेल्या मुलीला दिसलं. हे शिकवायला दोन-दोन वर्षं जातात हो! ते आयतं समोर उभं होतं आणि टेबलावरचं एक डोकं वर झालं नाही.

थोडं शांतपणे लिहिते. टेबलावरची माणसं वाईट नाहीत. ऊन होतं, मुली खूप होत्या, वरून यादी लवकर मागितली असेल. पण म्हणूनच पद्धत लागते. दोन परीक्षक वेगवेगळ्या जागी बसवा, एक एंड लाइनच्या मागे, एक बाजूला. एकमेकांशी बोलायचं नाही, १ ते ५ गुण स्वतंत्र लिहायचे, शेवटी जुळवायचे. दोन गुणांहून जास्त फरक निघाला तर त्या मुलीला पुन्हा पाहायचं. कागदावर फक्त नंबर, ती आधी कोणत्या टीमकडून खेळली ते नाही. ओळखीचं नाव दिसलं की हात आपोआप एक गुण वाढवतो, चांगल्या माणसाचाही. सहा-सहाच्या खेळात दर पाच गुणांनी दोन्ही बाजूंची एक-एक मुलगी बदला आणि ती कोर्टवर असताना तिच्या बाजूने किती मिळवले, किती गमावले ते मांडा. प्रत्येकीचे तीस तरी गुण खेळून झाले की काही मुलींच्या नंबरापुढे अधिक चिन्हच येत राहतं, म्हणजे मिळवलेले गुण गमावलेल्यांपेक्षा जास्त. त्या बहुधा बोलणाऱ्या, कव्हरला, म्हणजे ब्लॉकवरून परत येणारा बॉल उचलायला, धावणाऱ्या मुली असतात. आणि हा खेळ शेवटच्या तासात घ्या. ताज्या पायांवर सगळ्याच चांगल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला एकच गोष्ट बदलायला सांगा. हातांचा कोन, किंवा धावेचं शेवटचं पाऊल. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बॉल आधीपेक्षा वाईट गेला तरी चालेल, ती बदल धरून ठेवते का ते महत्त्वाचं.

उडीनंतर पाय कसे टेकतात हे तर आज कुणी पाहिलंच नाही. एका पायावर उतरणं, गुडघा आत वळणं. गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते. ते टिपून ठेवा, त्यावरून मुलीला काढू नका. आठवड्यातून दोन-तीनदा उतरण्याचा आणि मांड्यांच्या ताकदीचा सराव दिला तर सुधारतं. जुनी दुखापत विचारा, पण तिला खरं सांगता येईल अशा आवाजात विचारा. नाहीतर सगळ्या "काही नाही सर" म्हणतात.

बाहेरगावची मुलगी व्हिडिओवरून पाहत असाल तर निवडक स्मॅशचा तीन मिनिटांचा तुकडा घेऊ नका. दोन पूर्ण सेट मागवा, त्यातला एक हरलेला. कॅमेरा एंड लाइनच्या मागे, उंचावर. आणि दोन रॅलींच्या मधलं पाहा: चूक झाल्यावर ती सहकाऱ्यांकडे वळते की जमिनीकडे. फोनवर बोलाल तेव्हा तिची जागा खरी सांगा. तिसरी आउटसाइड हिटर (डाव्या बाजूची स्मॅशर) म्हणून घेत असाल तर तेच शब्द वापरा.

आणि भिंतीवर यादी लावून निघून जाऊ नका! एका मुलीला दोन मिनिटं धरली तर चव्वेचाळीस मुलींना दीड तास, तिघांनी वाटून घेतला तर अर्धाच तास. ३१ नंबर यादीसमोर उभी राहिली, बोट वरून खाली नेलं, मग खालून वर नेलं. नी-पॅड काढून पिशवीत टाकले आणि गेली. तिला कुणी काही सांगितलं नाही.

म्हणून मी सांगते. कुणाच्या ओळखीत असेल तर तिच्यापर्यंत पोचवा. ३१ नंबर, तुझा दुसरा स्मॅश नेटमध्ये गेला कारण वेळ चुकली. तू लवकर धावलीस. बॉल सेटरच्या हातातून सुटून वर चढायला लागला की मगच दुसरं पाऊल टाक, तिसऱ्या बॉलला केलंस तसंच. सर्व्हिस दोन्ही आत पडल्या पण नेटच्या दीड मीटर वरून गेल्या. त्या अर्ध्या मीटरवर आण. बॉल फेकताना तो कमी उंच उडव आणि तळहात कडक ठेव. रिसीव्हला उजवा पाय मागे राहतो, त्यामुळे पास बाजूला सरकतो, पाय पुढे घे. पुढच्या ट्रायलला फॉर्मवर अटॅकरच्या आधी लिबेरो लिही. आणि टिप येताना दिसली की आज ओरडलीस तशीच ओरड, कोर्टच्या आत उभी राहून.